शेवंतीवरचा तांबेरा

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट जमत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मलाही माहीत नाही, कारण ही वही कुणी वाचावी म्हणून मी लिहीत नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढे पेन हातात आलं ते बचत गटात सही करण्यापुरतं. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, ती चुलीत घालायला जीव होईना. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा लिहिते. दाराची कडी वाजली की वही ज्वारीच्या कोठीमागे सरकवते.

लिहायचं आहे ते एका रंगाबद्दल. तो रंग अजून माझ्या स्वप्नात येतो. कधी साडीवर असतो, कधी भाकरीवर. एकदा तर सगळ्या आभाळालाच लागलेला होता आणि मी खाली उभी राहून पदराने आभाळ पुसत होते.

आमच्या घरामागे न्हाणीचं पाणी जाऊन मुरायचं, तिथे माझी शेवंती होती. बारीक पिवळी शेवंती. माणसांत गेलं की माझे शब्द घशातच राहतात, लहानपणापासून तसंच आहे. शेवंतीजवळ बोलावं लागत नसे. थंडीच्या दिवसांत उजाडायच्या आधी मी तिथे जाऊन उभी राहायची. अंधारात आधी वास यायचा, कडू आणि गार, मग हळूहळू पिवळं दिसायला लागायचं. वाटायचं, उजेड पूर्वेकडून येत नाही, तो इथूनच वर जातो. त्या वर्षांत आमच्याकडे घराघरांत कापसाचंच बोलणं असे. भाव काय निघाला, बियाणं फसलं की उगवलं, कुणाची गाडी जिनिंगवरून तशीच परत आली. पलीकडच्या गल्लीत कर्जापायी एकाने औषध पिऊन जीव दिला होता, त्या घरासमोर मोठ्या गाड्या येऊन थांबायच्या आणि माणसं वहीत लिहून घेऊन जायची. त्या घराकडे बघवत नसे. म्हणून मी शेवंतीकडे बघायची.

माघ संपत आला होता. फुलं होऊन गेली होती आणि बुडाशी नवे फुटवे आले होते. अळी आहे का बघावी म्हणून मी एक पान उलटलं, तर खालच्या अंगाला तांबूस फोड. वरून पानावर फक्त फिकट ठिपके होते, कुणाच्या लक्षातही येऊ नयेत असे. खालून मात्र वाटलं, कुणी चिमटीचिमटीने तांबडी भुकटी ठेवून गेलं आहे. बोट लावलं तर ती बोटावर आली. अंगठ्याने चोळली तर हळदीसारखी मऊ. मला ती भुकटी आवडली, हे खरं ते लिहिते. मी तळहातावर तिची रेघ ओढली आणि उन्हात धरून पाहिली. मग दुसरं पान उलटलं, मग तिसरं. या रोपावरून त्या रोपावर तेच बोट घेऊन मी सगळ्या वाफ्यात फिरले. चांगला अर्धा तास फिरले असेन. इतकी शांत वेळ मला त्या वर्षी दुसरी मिळाली नाही.

राळेगावच्या स्टँडवर एक बाई हार विकायच्या. माझ्या माहेरकडच्या, ढाणकीच्या बाजूच्या, म्हणून मी त्यांना बाई म्हणायची, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. त्यांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. लाकडी पाटावर ओलं फडकं, फडक्यावर फुलं, आणि बाईंची सुई थांबायची नाही. सकाळच्या पहिल्या गाड्यांचे ड्रायव्हर समोरच्या काचेला हार बांधून मगच गाडी काढत. ती बाईंची बोहनी. घरामागे त्यांचा छोटा तुकडा होता, पण फुलं बहुतेक विकत आणावी लागत आणि त्यात फारसं काही उरत नसे.

चैत्रात त्या आमच्याकडे आल्या आणि सरळ घरामागे गेल्या.

"तुयी शेवंती मले दे," त्या म्हणाल्या. "तीनशे रोपं करून दे. दोन रुपयाले एक. अवंदा मी घरचीच फुलं ओवीन."

मला हो म्हणायचं होतं, पण ते बाहेर येईना.

"अवं, पोरगी पाहाले आलो का मी? एवढी कायले लाजतं?"

मी हसले. तेच त्यांनी हो समजलं आणि कमरेच्या पिशवीतून सहाशे रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. रोपं हातात नसताना त्यांनी पैसे दिले. त्या पैशांचे आम्ही दोन पत्रे आणले आणि न्हाणीवर टाकले. पावसाळ्यात त्या पत्र्यांवर पाऊस वाजायला लागला की मी म्हणायची, बाईंचे पैसे वाजतात.

फुटवे सोडवून, ओल्या फडक्यात बांधून मी तीनशे रोपं त्यांच्याकडे पोचवली. हाताने लावूनही दिली. आम्ही दोघी वाकून लावत होतो आणि बाई सांगत होत्या, दसऱ्याला इतके हार, दिवाळीला इतके, पहिल्या पैशातून पाटावर सावलीला ताडपत्री. त्यांच्या बोलण्यात सगळा तुकडा पिवळा झाला होता. मलाही तो तसाच दिसत होता.

भादव्यात दोन्हीकडची पानं एकदमच बिघडली. खालची करपून देठाला लोंबू लागली. वरच्यांवर ठिपके. आमचे हे बघायला आले. त्यांनी एक पान तोडलं आणि लगेच सांगितलं, "लाल्या आहे हा."

लाल्या कपाशीवर येतो, पानं लालभडक होतात. त्या साली आमच्या वावरात लाल्याच होता. आम्ही कापसातली माणसं. आमच्या डोळ्यांना पानावरची लाली म्हणजे लाल्या, त्यापलीकडे दुसरा रोग माहीतच नव्हता. यांनी कपाशीसाठी आणलेलं पांढरं औषध पाण्यात कालवलं आणि पाठीवरच्या पंपाने शेवंतीवर मारलं. पानं दमल्यासारखी दिसत होती म्हणून मी डब्याला खिळ्याने भोकं पाडली आणि रोज संध्याकाळी वरून अंघोळ घातल्यासारखं पाणी शिंपडू लागले. पाणी पानांवरून टपटप खालच्या पानांवर, तिथून शेजारच्या रोपावर. किती छान दिसायचं ते! रात्रभर पानं ओली राहायची.

आणि हेच सगळं मी बाईंनाही सांगितलं. औषधाची पुडी बांधून नेली. डब्याला भोकं कशी पाडायची ते दाखवलं. एरवी माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण तेव्हा मी शहाणी झाले होते.

दसऱ्याला बाईंच्या तुकड्यात ओंजळभर फुलं निघाली. कळ्या बटणाएवढ्या होऊन तशाच सुकल्या.

त्यानंतर एकदा मी स्टँडवर गाडीची वाट बघत उभी होते. बाईंच्या समोर एक नारळ-अगरबत्तीवाली बसायची. जाड आवाजाची, पण एरवी मनाने वाईट नाही. ती एका ड्रायव्हरला सांगत होती.

"आता तिच्याकडून नका घेत जाऊ, भाऊ. तीनशे रोपं लावली, एक फुललं नाही. कपायावर कुंकू नाही अन् देवाची फुलं लावाले गेली. हातच तसा आहे. तुमाले गाडी चालवाची आहे नं?"

ड्रायव्हर हसला नाही. त्याने बाईंकडे पाहिलं आणि हार न घेताच गाडीकडे गेला. त्याच्यामागे दुसराही.

बाईंना सगळं ऐकू गेलं होतं. त्या विकतचा झेंडू ओवत होत्या. सुई वर गेली, खाली आली, वर गेली. मला बघून त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "असंनही तसं. त्या हातानं घर नाही टिकलं, फुलं कशी टिकतीन?"

गाडी आली आणि मी चढले. खिडकीतून त्यांचा पाट लहान होत गेला आणि धुळीत मिटला.

पुढचे दिवस वेचणीचे. मी दुसऱ्याच्या वावरात वेचायला जायची. सकाळी निघायच्या आधी शेवंतीची करपलेली पानं खुडायची, दोन दिवस झाले की पुन्हा खुडायची, वाटायचं अजून काही वाचेल. त्या दिवशीही खुडली आणि तशीच वावरात गेले. धुकं होतं. कापूस फुटलेला, सगळं वावर पांढरं, वर आभाळही पांढरं, मधे आम्ही बाया रांगेत कमरेला ओटी बांधून. आवाज नुसता बोंडं सुटण्याचा. मी झोपेत चालल्यासारखी चालत होते.

मालकीण मागून आली आणि तिने माझ्या ओटीत हात घातला.

"अवं, हे काय? कापसाले हयद लावून राह्यली का? लगीन आहे का त्याचं?"

बाया हसल्या. "नवरदेव कोन हाय, विचारा तिले," एकजण म्हणाली.

मी ओटीत बघितलं. वरच्या पांढऱ्या कापसावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता. तांबूस. एकाच पुंजक्यावर नाही, जिथे जिथे बोट लागलं होतं तिथे तिथे.

तो ठसा बघताना धुकं, बाया, मालकीण, सगळं दूर गेलं आणि मी सहा-सात वर्षांची झाले. माहेरी नदीच्या काठाला आमचा गहू होता. गहू पिवळा पडायच्या आधीच तांबडा दिसत होता आणि मी शाळेचा पांढरा झगा घालून त्यातून पळत गेले. ओंब्या माझ्या छातीला लागत होत्या. पलीकडे निघाले तर झगा तांबडा. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या, वाटलं गव्हाने माझ्याशी रंग खेळला. बाबा धावत आले. त्यांनी मला मारलं नाही. झगा काढून झटकला आणि मला खांद्यावर घेतलं.

"आता ह्या वावरातून त्या वावरात जाऊ नको, माय," ते म्हणाले. "हा तांबेरा आहे. तो वाऱ्यानं जाते, कपड्यानं जाते, हातानं जाते. तुह्यासंगं येईन तो."

मग ते मला उचलून दुसऱ्या वावराच्या कडेकडेने, लांबून घरी घेऊन गेले. त्यांच्या खांद्यावरून मला दोन्ही वावरं दिसत होती, एक तांबडं आणि एक हिरवं.

गव्हाचा तांबेरा शेवंतीवर येत नाही, शेवंतीचा वेगळा असतो, हे मला पुढे कळलं. पण वागणं तेच. तो माझ्या बोटावर बसून वाफाभर फिरला होता. फुटव्यांवर बसून बाईंच्या तुकड्यात गेला होता. ओल्या पानांवर वाढला होता, आणि पानं ओली ठेवायला मीच शिकवलं होतं. बाईंच्या हाताचा त्यात काहीच दोष नव्हता. हात माझा होता.

मालकिणीने मला हात धुऊन यायला सांगितलं. मी विहिरीवर गेले आणि पुष्कळ वेळ हात धूत बसले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. यांना सांगितलं, सहाशे रुपये परत करायचे. हे म्हणाले, "लोकाइचे लाखानं बुडून राह्यले, अन् तू सहाशासाठी मरतं का?" म्हणाले आणि भिंतीकडे वळले. मरणाचा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी सहज म्हणत नसे. मग अंधारातूनच म्हणाले, "दे बाप्पा. पन थोडे थोडे दे."

पैसे देणं सोपं होतं. बोलणं अवघड होतं.

बाजाराच्या दिवशी मी एक पान पिशवीत घालून नेलं, एक पांढरा रुमाल घेतला आणि वेचणीचे पन्नास रुपये पदराच्या गाठीत बांधले. गाडीत सगळा वेळ मनात म्हणत गेले, बाई, हा तांबेरा आहे, बाई, हा तांबेरा आहे. बाहेर कपाशीची वावरं मागे जात होती आणि मला वाटत होतं ही गाडी अशीच चालत राहावी, राळेगाव येऊच नये.

बाईंसमोर बसले. पान पाटावर ठेवलं आणि पुटपुटले, "बाई, हा लाल्या नाही. तांबेरा आहे. माह्याच रोपाइवर होता. माह्याकडूनच आला."

बाईंची सुई थांबली. त्यांनी पान उलटं करून बघितलं, मग माझ्याकडे.

"हळू काहून बोलतं?" त्या म्हणाल्या. "मले ऐकू आलं. तिले नाही आलं." आणि हनुवटीने समोरच्या नारळवालीकडे दाखवलं.

मी मान हलवली. मला नाही जमणार.

"तिनं माह्या हाताचं नाव घेतलं तवा जोरानं घेतलं," बाई म्हणाल्या. "तू कायले हळू बोलतं?"

मी उठले. चार पावलं होती, पण मला वाटलं मी गुडघाभर पाण्यातून चालते आहे. नारळवाली मोसंबी सोलत होती. मी पांढरा रुमाल पानाच्या मागून फिरवला. रुमाल तांबडा झाला. मी तो तिच्यासमोर धरला आणि बोलले. माझा आवाज फाटका आणि मोठा निघाला, मलाच ओळखू आला नाही.

"हा रोग आहे. तांबेरा. माह्या घरून आला. बाईच्या हातानं नाही झालं. माह्या हातानं झालं. माह्या कपायावर कुंकू आहे, पाहून घ्या."

गाडीची वाट बघणारी माणसं वळून बघू लागली. नारळवालीने रुमालाकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं. "बाप्पा!" ती म्हणाली. "ही बोलते वं?"

मग तिने मोसंबीची फोड माझ्यापुढे केली. का केली कोण जाणे. मी घेतली.

बाईंकडे परत येऊन गाठ सोडली आणि पन्नास रुपये त्यांच्या फडक्याखाली सरकवू लागले. "सहाशे देईन सगळे," मी म्हटलं. बाईंनी माझा हात मागे सारला. "ठेव तुयाजवळ. तुयी बी शेवंती गेलीच नं?" पण लगेच त्या थांबल्या. हार न घेता ड्रायव्हर निघून गेले होते त्या बाजूला त्यांनी बघितलं.

"नाही. दे," त्या म्हणाल्या. "पन असे लपवून नको देऊ. दर बाजाराले ये. अठी उभी राह्यजो अन् सगळ्याइसमोर माह्या हातावर ठेवजो. लोक इचारतीन, कायचे पैसे? मी सांगीन."

घरी येऊन मी सगळी शेवंती मुळासकट उपटली आणि बांधावर जाळली. बाईंच्या तुकड्यातलीही दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून जाळली. धूर कडू होता आणि खूप वेळ खालीच राहिला, गुरांच्या पायांतून फिरत. न्हाणीमागे नुसती काळी ओली जागा राहिली. उजाडायच्या आधी मला जाग यायची आणि सवयीने मी तिथे जाऊन उभी राहायची. काहीच नसायचं. तरी डोळे बराच वेळ पिवळं शोधायचे.

मग बाजार येत गेले. दर बाजाराला पन्नास. वेचणीचे कमी पडले तेव्हा अंडी विकली. एकदा चाळीसच जमले होते, तर यांनी शर्टाच्या खिशातून दहाची नोट काढून चुलीजवळ ठेवली आणि बाहेर गेले. मी स्टँडवर उभी राहायची, बाई हात पुढे करायच्या, मी नोट ठेवायची. माझी मान खालीच असायची, पण मी लपवत नव्हते. कुणीतरी विचारायचंच, "कायचे पैसे बाई?" बाई ओवता ओवता सांगायच्या. रोपं, तांबेरा, कपाशीचं औषध, भोकं पाडलेला डबा. सांगताना त्यांना हसू यायला लागलं, मग ऐकणाऱ्यांनाही. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या गव्हावर यायचा तो. बाईचा हात काय करीन त्याले?" आणि हार घेतला. पुढच्या बाजाराला त्याच्या मागच्या गाडीवरही झेंडूचा हार होता.

नारळवालीने कधी माफी मागितली नाही. पण मधे कधीतरी मी पोचले की तीच ओरडायला लागली, "आली पाह्य तुयी तांबेऱ्यावाली!" बाई म्हणायच्या, "येऊ दे. तुयासारखी तोंडाची नाही ते, हाताची आहे." दोघी हसायच्या. मलाही हसायला यायचं, पदरात.

शेवटच्या बाजाराला कडक ऊन होतं, पळस फुलला होता. गाडीतून उतरले तर बाईंच्या पाटाभोवती दोन ड्रायव्हर उभे होते. मी वाट बघत बाजूला थांबले. नारळवालीने मला पाहिलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"अवं, आज बारावा बाजार नं?" तिने समोरूनच विचारलं.

मी म्हटलं, "हाव." आवाज तिच्यापर्यंत पोचला.

बाईंनी सुई कापडात खोचली, ओला हात लुगड्याला पुसला आणि पुढे केला. मी नोट त्यांच्या तळहातावर ठेवली. त्या तळहातावर दोऱ्याचे बारीक काप होते, झेंडूचा पिवळा रंग होता आणि दुसरं काही नव्हतं.

"झाले सहाशे," बाई मोठ्याने म्हणाल्या. "पुरे झाले."